साम्य आणि सोयरीक

गेल्या दिवाळीत आमचा धाकटा मुलगा बंगळूरहून घरी आला, तेव्हा सोबत एक छापील कागद घेऊन आला. संगणकाला भाषा समजावी यासाठी जे काम हल्ली चालते, त्यातलेच काही काम तो करतो. कागदावर मराठी शब्दांच्या चाळीस जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीपुढे एक रिकामी चौकट. ‘हे दोन शब्द एकमेकांना किती जवळचे आहेत, ते शून्य ते दहा यांपैकी एक अंक लिहून सांगा,’ एवढीच सूचना. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे उठून गेल्यावर, आम्ही, आमच्या सौ. आणि थोरली सूनबाई असे तिघे तीन पेन्सिली घेऊन बसलो. सौ.चे माहेर पुण्याचे. सूनबाई उज्जैनकडच्या मालवी घरातल्या. मराठी त्या आमच्याकडे आल्यावर शिकल्या, आणि आता आमच्यापेक्षा नेटकी बोलतात.

‘समुद्र’ आणि ‘सागर’ या जोडीला तिघांनीही दहा दिले. तेथपर्यंत सारे सुरळीत होते. ‘चहा’ आणि ‘कॉफी’ यांना आम्ही आठ दिले, सौ.नी तीन. ‘चहा’ आणि ‘कपबशी’ यांना सौ.नी नऊ दिले, आम्ही दोन. आमचे म्हणणे असे की, चहा हे पेय आहे आणि कपबशी हे भांडे. त्यांत साम्य ते काय? सौ.चे म्हणणे असे की, “अहो, चाळीस वर्षे रोज सकाळी दोन्ही एकत्रच तुमच्यापुढे येतात, आणि तुम्ही म्हणता संबंध नाही!” पुढची जोडी ‘पोहे’ आणि ‘जिलबी’ अशी होती. सूनबाईंनी क्षणाचाही विचार न करता दहा लिहिले. आम्ही नऊ लिहिले. सौ.नी सात लिहिले आणि म्हणाल्या, “लग्न होऊन इंदूरला आले त्या वर्षी विचारले असते, तर एक दिला असता.” यंत्राने स्वतः या जोडीला दिलेला अंक अगदीच लहान होता. कारण विचारले, तर मुलगा म्हणाला की त्या यंत्राने वाचलेला मराठी मजकूर बहुतेक महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांचा आहे. म्हणजे शेव आणि जिरावण घातलेल्या पोह्यांशेजारी गरम जिलबी असलीच पाहिजे, हे त्याला सांगणारे कोणी भेटलेच नव्हते.

वाद वाढू लागला, तेव्हा मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुम्ही आणि आई दोघेही बरोबर आहात. प्रश्नच एक नव्हता, दोन होते.” त्या दोन प्रश्नांनी आम्हांला पुढे कित्येक दिवस सोडले नाही. दोन शब्द एकमेकांसारखे आहेत का, हा एक प्रश्न. आणि दोन शब्द एकमेकांशी संबंधित आहेत का, हा दुसरा. पहिल्याला आपण साम्य म्हणू. दुसऱ्याला, घरगुती शब्द वापरून, सोयरीक म्हणू. चहा आणि कॉफी यांच्यात साम्य आहे. चहा आणि कपबशी यांच्यात सोयरीक आहे. हा भेद वरवर शाब्दिक दिसतो. परंतु विचार करू लागल्यावर आमच्या असे ध्यानात आले की, आमच्या नोकरीतली एक मोठी चूक आणि आमच्या आयुष्यातली एक जुनी सवय, दोन्हींची मुळे या भेदाकडे केलेल्या दुर्लक्षात आहेत.

प्रथम या मोजमापाचा थोडा इतिहास पाहू. शब्दांची जवळीक अंकांत मांडण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत रुबेनस्टाईन आणि गुडइनफ या दोन अभ्यासकांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी नामांच्या ६५ जोड्या घेतल्या आणि ५१ व्यक्तींकडून शून्य ते चार या मापाने त्यांचे साम्य ठरवून घेतले. रत्न आणि जवाहीर अशा अर्थाच्या जोडीला सरासरी ३.९४ मिळाले, तर दोरी आणि स्मित या जोडीला केवळ ०.०२. पुढे १९९१ साली जॉर्ज मिलर आणि वॉल्टर चार्ल्स यांनी त्यांतल्याच ३० जोड्या ३८ नव्या व्यक्तींपुढे ठेवल्या; आणि आश्चर्य असे की, पाव शतकानंतर निराळ्या माणसांनी दिलेले अंक जुन्या अंकांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. शब्दांची जवळीक ही केवळ लहर नव्हे, तिच्याविषयी माणसांचे बरेचसे एकमत असते, असा विश्वास त्यातून मिळाला.

परंतु २००२ साली ३५३ जोड्यांची जी मोठी यादी पुढे आली आणि पुष्कळ काळ यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी वापरली गेली, तिच्यात आमच्या घरच्यासारखाच घोटाळा होता. साम्य मोजायचे की सोयरीक, हे त्या यादीत नीट वेगळे केलेले नव्हते. म्हणून २०१५ साली केंब्रिजच्या फेलिक्स हिल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९९ जोड्यांची नवी यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे ५०० इंग्रजी भाषकांना आधीच बजावले होते की, केवळ साम्य पाहा, संबंध पाहू नका. परिणाम बोलका आहे. कपडे आणि कपाट या जोडीला जुन्या यादीत ८.०० गुण होते. नव्या यादीत ते १.९६ वर आले. किनारा या अर्थाच्या दोन शब्दांना मात्र दोन्हीकडे नऊच्या आसपास गुण मिळाले. शब्द तेच, मापाचे टोकही तेच दहा. केवळ प्रश्न बदलला आणि उत्तर आठावरून दोनावर उतरले. जरीब बदलली नसताना शेताची लांबी चौपट कमी भरावी, असाच हा प्रकार.

हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित होता असे मात्र नाही. न्यायशास्त्रात उपमान या प्रमाणाचे उदाहरण म्हणून गवयाची गोष्ट येते. गवय गाईसारखा असतो, असे एका नागरिकाने अरण्यवासीयाकडून ऐकलेले असते. पुढे रानात गेल्यावर गाईसारखा प्राणी त्याला दिसतो आणि तो ओळखतो की, ज्याला गवय म्हणतात तो हाच. नैयायिकांच्या मते या ज्ञानाचे फळ म्हणजे नाव आणि नाव धारण करणारा यांच्यातला संबंध कळणे. म्हणजे साम्य ही पायरी आहे. पोहोचायचे आहे ते संबंधापर्यंत. प्राभाकर मीमांसकांनी तर सादृश्याला स्वतंत्र पदार्थाचा मान दिला. वैशेषिकांनी आपल्या सात पदार्थांत त्याला वेगळी जागा दिली नाही. साम्य ही वस्तूत असलेली गोष्ट की पाहणाऱ्याने केलेली तुलना, हा वाद किती जुना आहे, हे यावरून दिसते. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात, अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो याची कारणे मोजताना, संसर्ग, विप्रयोग, साहचर्य आणि विरोध यांची नावे घेतली. राम हा शब्द लक्ष्मणाच्या शेजारी आला की दाशरथी राम समजावा आणि सहस्रार्जुनाच्या विरोधात आला की परशुराम समजावा, असे टीकाकार सांगतात. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार येथे स्पष्ट आहे.

आजची यंत्रे या दोनच वाटांनी जातात. पहिली वाट कोशाची. प्रिन्स्टन विद्यापीठात मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८५ पासून वर्डनेट नावाचा शब्दकोश तयार होऊ लागला. त्यात समानार्थी शब्दांचे गट केलेले असतात आणि ‘हा अमुकाचा प्रकार’ या नात्याने ते गट एकमेकांना जोडलेले असतात. गाय हा पशूचा प्रकार, पशू हा प्राण्याचा प्रकार, असे वंशवृक्षासारखे चढत जायचे आणि दोन शब्दांमध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजायचे. मुंबईच्या आय.आय.टी.त हिंदी आणि मराठी यांचीही वर्डनेटे तयार झाली आहेत. अमरकोश ज्यांनी लहानपणी पाठ केला असेल, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. तेथेही पर्यायशब्दांचे गट आणि विषयवार वर्ग आहेतच.

दुसरी वाट शेजाराची. झेलिग हॅरिस यांनी १९५४ साली आणि जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली असे मांडले की, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. लक्षावधी वाक्ये वाचून कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो याची नोंद ठेवली, तर प्रत्येक शब्दाची एक संख्यामाला तयार होते. गणितात तिला सदिश म्हणतात. बाण म्हटले तरी चालेल. दोन बाणांमधला कोन जितका लहान, तितके ते शब्द जवळचे. २०१३ साली गूगलमध्ये टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम फार वेगाने करण्याची रीत दाखवली आणि ही वाट राजमार्ग झाली. २०१८ च्या सुमारास त्यात आणखी एक पाऊल पडले. शब्दाला कायमचा एकच बाण न देता, तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यापुरता बाण देणारी यंत्रे आली. भर्तृहरीचे साहचर्य असे नव्या रूपाने परत आले.

या दोन वाटांतला फरक आपल्या शेतकऱ्याने एका म्हणीत सांगून ठेवला आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कोश वाण मोजतो. शेजार गुण मोजतो. आणि गुण मोजणाऱ्या यंत्राची एक गंमत येथेच सांगितली पाहिजे. गरम आणि थंड हे शब्द परस्परविरुद्ध. पण चहा गरम असतो, चहा थंड होतो. पाणी गरम, पाणी थंड. हवा गरम, हवा थंड. दोघांचे शेजारी एकच. त्यामुळे यंत्र या दोन शब्दांना अगदी जवळ आणून बसवते. ज्या दोन शब्दांचा शेजार सारखा असतो, त्यांच्यातला फरक यंत्राला सर्वांत उशिरा कळतो.

केवळ यंत्रालाच नव्हे. आमची नोकरी राज्य शासनाच्या महसुली कामात गेली. कचेरीत हिंदी आणि घरी मराठी, असे आमचे दोन संसार. (हा ‘संसार’ शब्दच पाहा : हिंदीत त्याचा अर्थ जग, मराठीत घर.) ‘दावे-आपत्ति’ मागवणाऱ्या सूचनांवर आम्ही सह्या करीत असू, तेव्हा आमच्या मातोश्री विचारीत, “अरे, लोकांकडून आपत्ती कशाला मागवता?” शिक्षा विभागात बदली झालेल्या मराठी माणसाची थट्टा तर इंदूरच्या प्रत्येक घरात झालेली असेल. रूप एक, अर्थ दूर, याची सवय आम्हांला होती. परंतु अर्थ जवळ, परिणाम दूर, अशी एक जात असते, तिची सवय नव्हती.

१९८० च्या दशकातली गोष्ट. एका सिंचन तलावासाठी जमीन जायची होती आणि गावातल्या खातेदारांची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. वय लहान, काम फार, पावसाळा तोंडावर. एका विधवा बाईचे शेत त्यात होते. दोघा भावांचे सामाईक खाते. नवरा वारल्यावर तिच्या नावे नामांतरण झालेले नव्हते, आणि कागदावर दिराचे नाव पुढे होते. बाई पंधरा वर्षे स्वतः शेत कसत होती. चौकशीत गावकऱ्यांनी सांगितले की, शेत तिचेच. लिपिकाने विचारले, “साहेब, भूमिस्वामी लिहू की कब्जेदार?” दोन्ही शब्द त्याच रजिस्टरात, त्याच खसरा क्रमांकांशेजारी, त्याच क्षेत्रफळापुढे रोज येत. आमच्या कानांना त्यांचा आवाज एकच झालेला होता. आम्ही म्हणालो, “कब्जेदार लिही, मतलब एकच.” मतलब एक नव्हता. १९५९ च्या भू-राजस्व संहितेत भूमिस्वामी हा हक्काचा शब्द आहे. कब्जेदार म्हणजे केवळ जागेवर असलेला. मोबदला सबंध खात्याचा म्हणून दिराला गेला. काही महिन्यांनी ती बाई कचेरीच्या ओसरीत आमच्यापुढे उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिचे म्हणणे इतकेच होते : जमिनीवर मी होते हे तुम्ही लिहिलेत; जमीन माझी होती हे लिहिले नाही. दुरुस्ती व्हायला सात वर्षे लागली. तोवर ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होती. चूक पटवाऱ्याची नव्हती, लिपिकाची नव्हती, आमची होती.

जरीब ६६ फुटांची असते, तिच्यात १०० कड्या असतात, आणि दोन बांधांमधले अंतर ती कडीपर्यंत अचूक सांगते. बांध कोणाचा, हे ती सांगत नाही. शब्दांच्या मोजमापाचेही तेच. भूमिस्वामी आणि कब्जेदार यांच्या जवळिकीला एखादे यंत्र दहापैकी साडेनऊ गुण देईल, आणि गणिताच्या दृष्टीने ते चुकीचे ठरणार नाही. परंतु त्या उरलेल्या अर्ध्या गुणात एका बाईची सात वर्षे असू शकतात. म्हणून आम्हांला असे वाटू लागले आहे की, शब्द जितके जवळचे तितकी त्यांना वेगळे ठेवण्याची जबाबदारी मोठी. दूरच्या शब्दांत गफलत होत नाही. दोरीला स्मित कोणी म्हणत नाही. माणसाचे नुकसान होते ते जवळच्या शब्दांच्या फटीत. दया आणि न्याय, सल्ला आणि हुकूम, मदत आणि उपकार : या जोड्यांचे शेजारी तपासा, आणि मग त्यांच्यापायी झालेली भांडणे आठवा.

ही झाली साम्याला एकरूपता समजण्याची चूक. दुसरी चूक याच्या उलट : जेथे साम्य नाही तेथे सोयरीकही नाही असे धरून चालणे. ही चूक आम्ही एकट्याने केलेली नाही. आपण सर्वांनी, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांनी, मिळून केली आहे, असे म्हटले तर वाचकांनी राग मानू नये.

१९७७ साली आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञाने साम्याविषयी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. साम्य दोन्ही बाजूंनी सारखेच असते, असे आपण गृहीत धरतो. दोन बाणांमधला कोन इकडून मोजा की तिकडून, तेवढाच भरतो. परंतु माणसे तशी मोजत नाहीत, हे त्याने दाखवून दिले. उत्तर कोरिया चीनसारखा आहे, हे लोकांना सहज पटे. चीन उत्तर कोरियासारखा आहे, हे तितके पटत नसे. लहानाला मोठ्यासारखे म्हणायचे, मोठ्याला लहानासारखे म्हणायचे नाही, अशी मनाची रीत आहे. हे वाचले आणि आम्ही थबकलो. आमच्या तरुणपणी, पुण्याहून आलेले नातलग कौतुकाने म्हणत, “तुमची मराठी अगदी आमच्यासारखी आहे हो!” आणि आमची छाती फुगे. पुण्याची मराठी इंदूरसारखी आहे, असे आजवर कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. ‘येऊन राहिलो आहे’ असे तोंडून निघाले की, आपण काही चोरी केली अशा मुद्रेने आम्ही ते गिळून टाकीत असू. मोजपट्टी दुसऱ्याच्या गावी ठेवलेली, आणि मोजायचे मात्र स्वतःला, असा तो व्यवहार होता.

त्या मोजणीत आमच्या शेजाराची नोंदच कधी झाली नाही. होळकरांच्या वेळेपासून ज्यांच्या भिंतीला भिंत लावून आपण राहिलो, ती मालवी माणसे भाषेने, आहाराने, सणांच्या रीतीने आपल्यासारखी नाहीत, म्हणून आपली नाहीत, असे आम्ही मनात धरले होते. वस्तुतः आमच्या वडिलांच्या आजारपणात रात्री बैलगाडी जुंपणारा माणूस मालवी होता. आमच्या बोलण्यातले निम्मे रागाचे आणि प्रेमाचे शब्द मालवी आहेत. थोरल्या मुलाने मालवी घरची मुलगी पसंत केली, तेव्हा आम्ही सहा महिने अडून बसलो होतो. कारण विचारले असते तर आम्ही म्हणालो असतो, “आपल्यात आणि त्यांच्यात साम्य काय?” साम्य नव्हतेच. सोयरीक मात्र दीडशे वर्षे आधीच झालेली होती; लग्नाने फक्त तिची नोंद झाली. नामांतरण राहून गेले होते, म्हणा ना.

येथे कोणी म्हणेल, की मग साम्य सोडा आणि सोयरीक मोजा. शेजार मोजणारे यंत्र तेच तर करते. पण त्यातही एक मेख आहे. शेजार मोजणारे यंत्र काय झाले ते सांगते. काय व्हावे ते सांगत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवले की, वृत्तपत्रीय मजकुरावर शिकलेल्या अशाच एका यंत्राला ‘पुरुष जर संगणक-प्रणालीकार, तर स्त्री कोण?’ असे विचारले असता ते ‘गृहिणी’ असे उत्तर देते. यंत्राने ते मनाने रचले नव्हते. आपल्याच लिखाणातून उचलले होते. आमच्या कागदावर ‘विधवा’ आणि ‘विधुर’ अशी एक जोडी होती. कोशाच्या वाटेने गेलो तर दोन्ही शब्द सख्खे भाऊबहीण : जोडीदार वारलेली व्यक्ती, एवढाच अर्थ, फरक फक्त लिंगाचा. आता जुन्या मराठी गद्याची कोणतीही दहा पुस्तके उघडून शेजार पाहा. एका शब्दाभोवती केशवपन, सोवळे, अपशकुन, आश्रित ही मंडळी उभी आहेत. दुसऱ्याभोवती बहुधा दुसरे लग्न. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या ठरावाने कोशातला अर्थ बदलला नाही. शब्दाचा शेजार बदलण्याचा प्रयत्न केला. अंक जे आहे ते दाखवतो, आणि दाखवतो हा त्याचा उपकारच आहे. आरशाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आरशात पाहून तोंड धुवायचे ते आपण.

म्हणून मोजावे की मोजू नये, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : अवश्य मोजावे. ग्रंथ शोधायला, भाषांतराला, कोशरचनेला हे मोजमाप उपयोगी आहे आणि मराठीला त्याची इतर भाषांइतकीच गरज आहे. पण अंक हाती आला की दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. साम्य मोजले की सोयरीक? आणि ज्या उंबरठ्यावर ‘आता हे एकच’ असे आपण म्हणणार आहोत, तेथे कोणाचे काय जाणार आहे? पहिला प्रश्न यंत्रालाही शिकवता येईल. दुसऱ्याचे उत्तर देणे हे कर्तव्य आहे, आणि ते ज्याच्या हाती लेखणी असते त्याचे असते.

या संदर्भात नागेशभट्टांची आठवण होते. आडनाव काळे, म्हणजे आपल्यातलेच. आयुष्य मात्र काशीत गेले. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर अठराव्या शतकात त्यांनी जे लिहिले, ते आजही व्याकरणाचे अभ्यासक वाचतात. त्यांना मूलबाळ नव्हते, आणि ‘शब्देन्दुशेखर’ हा आपला मुलगा व ‘मंजूषा’ ही आपली मुलगी असे ते मानीत, असे परंपरा सांगते. पोथी आणि मूल यांत साम्य कोणते? कोणत्याही यादीत त्या जोडीला शून्याच्या वर काही मिळायचे नाही. पण संबंधाचे शास्त्र लिहिणाऱ्या, महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या त्या मराठी माणसाने स्वतःची सोयरीक अशी जोडली होती.

आमच्या कागदावरची शेवटची जोडी ‘सासर’ आणि ‘माहेर’ ही होती. आम्ही दोन लिहिले, कारण शब्द परस्परविरुद्ध. सौ.नी आणि सूनबाईंनी, एकमेकींचा कागद न पाहता, दहा लिहिले. कारण विचारले तर दोघी हसल्या आणि फराळाचे डबे उचलून आत गेल्या.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपापल्या गावी अशा जोड्या असतील, की ज्यांना पुण्यात एक मिळेल आणि आपल्याकडे दहा. बडोद्याची शेव आणि उसळ असेल, ग्वाल्हेरची थंडी आणि गजक असेल, बेळगावचा पाहुणा आणि कुंदा असेल. खाण्यापलीकडच्याही पुष्कळ असतील. त्या लिहून मंडळाकडे धाडाव्यात. मुलाने सांगितले आहे की, यंत्राला कोणी सांगितले तर ते शिकते. आपण सांगितले नाही, तर इंदूरच्या पोह्यांशेजारची ती जागा त्याच्या लेखी रिकामीच राहील.